खोटा एक्सल

'शक्तिमान' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गरगर फिरणारा मुकेश खन्ना! बरोबर ना? आमच्या घरी मात्र तसं नाही. आमच्या घरी शक्तिमान म्हणजे हिरवा, लांब नाकाचा, फोर बाय फोर, तीन टनी मिलिटरी ट्रक. दूरदर्शनवरचा शक्तिमान सुरू झाला १९९७ मध्ये आणि जबलपूरचा शक्तिमान बनणं बंद झालं त्याच्या आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये. आमचे आबाजी म्हणतात, "एका म्यानात दोन तलवारी कशा राहतीन?"

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, फौजेत ड्रायव्हर होते. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. फौजेला पीठ, डाळ, रॉकेल पोचवणारी माणसं ती हीच. श्रीनगरहून लेहला जाताना झोजी ला नावाची खिंड लागते, साडेतीन हजार मीटर उंचीवर. त्या रस्त्यावर आबाजींनी कितीतरी वर्षं शक्तिमान चढवला आणि उतरवला. थंडीत डिझेल घट्ट व्हायचं तेव्हा टाकीखाली जाळ करून गाडी सुरू करायचे म्हणे. आता वय ७८. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे. त्यात आबाजी एका पायाने शक्तिमानच्या बंपरवर उभे आहेत. आजीसोबतचा फोटो कपाटात आहे!

असो. मित्रांनो, हा लेख मी शून्यातून बांधलेल्या रिमोट कंट्रोलच्या शक्तिमान ट्रकबद्दल आहे. पण खरं सांगायचं तर त्या ट्रकची सुरुवात एका थापेने झाली. तेव्हा आधी थाप सांगतो.

सेकंड इयरचा निकाल लागला त्या दिवशी मी शेगाव नाक्यावरच्या रूमवर होतो. तीन विषय गेले होते. थिअरी ऑफ मशिन्स, एम-थ्री आणि पहिल्या वर्षापासून सोबत करणारं मेकॅनिक्स. थर्ड इयरला प्रवेश नाही. वायडी! ज्यांना हा शब्द कळतो त्यांना पुढचं सांगायला नको. रूममेटने त्या संध्याकाळी गिला वडा खाऊ घातला आणि म्हणाला, "घरी सांगून टाक." मी म्हटलं, "उद्या." तो उद्या दीड महिना आला नाही.

कारण आमचे बाबा. बाबा अकोल्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहेत. माझ्या फीसाठी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलंय आणि दर महिन्याच्या सात तारखेला ते स्वतः जाऊन हप्ता भरतात. मला कधी काही बोलत नाहीत. बोलले असते तर सोपं गेलं असतं! शेवटी रूमचं भाडं द्यायला पैसे उरले नाहीत तेव्हा बॅग भरली, बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत थाप तयार केली : "या वर्षी आम्हाला प्रोजेक्ट आहे. कॉलेजला रोज जायचं नाही. घरूनच करायचा."

आईने विश्वास ठेवला. बाबांनी मान हलवली. आबाजी खाटेवरून म्हणाले, "कायचा प्रोजेक्ट?"

याचा विचार मी केलाच नव्हता. नजर भिंतीवर गेली.

"ट्रक... आर्मीचा ट्रक. रिमोटवाला."

आबाजी उठून बसले. "कोनता? शक्तिमान?"

"हो."

"मंग बराबर कर. कोनी पाह्यलं तं वळखू आला पायजे!"

झालं! थाप मारली होती एका वाक्याची, आता तिला चाकं लावायची होती.

माझ्या समाधानासाठी आधी माहिती गोळा केली. शक्तिमान मुळात जर्मनीच्या मॅन कंपनीचा. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आपलं पहिलं यशस्वी इंजिन ऑग्सबर्गच्या ज्या कारखान्यात चालवून दाखवलं, त्याच कारखान्यातून पुढे ही मॅन कंपनी तयार झाली. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना तिच्याकडून परवाना घेऊन १९५९ मध्ये जबलपूरला हे ट्रक बनायला लागले. १९६९ मध्ये तिथे वेगळी व्हेईकल फॅक्टरी झाली. नंतर शक्तिमानची जागा स्टॅलियनने घेतली. ही सगळी माहिती मी फाइलमध्ये लिहिली, वर प्लॅस्टिक कव्हर लावलं. फाइल पाहून आई शेजारणीला म्हणाली, "पोट्टा लय मेहनत करून रायला." मला जेवण गेलं नाही.

मापं घ्यायला खरा ट्रक पाहिजे होता. तोही सापडला. लष्कराच्या लिलावातून निघालेला एक शक्तिमान एका गॅरेजवाल्या चाचांनी मागे क्रेन बसवून ठेवला होता. आबाजींना रिक्षाने तिथे नेलं. त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग चाचांना म्हणाले, "ग्रीस नहीं मारा आपने." चाचांनी गुपचूप ग्रीसगन आणली!

मी टेप लावून सगळी मापं घेतली आणि दहास एक असं प्रमाण ठरवलं. खऱ्या ट्रकचं चाक सव्वातीन फूट, म्हणजे साधारण एक मीटर भरलं. माझं चाक दहा सेंटिमीटर. हे चाक कुठे मिळेना. तेवढ्यात पोळा आला. तान्ह्या पोळ्यासाठी चाकांवरचे लाकडी बैल करणारा एक सुतार आहे, त्याच्याकडून सहा चाकं करून घेतली. चार लावायला, एक स्टेपनी आणि एक बिघडवायला. त्यावर सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापून चिकटवल्या. चेसिस ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडच्या उरलेल्या तुकड्यांचा. बोनेट आणि केबिन तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याच्या पत्र्यातून. बोनेटचा गोलावा लाकडी ओंडक्यावर ठोकून आणला. तीन डबे वाया गेले, चौथा जमला.

वेगाचा हिशोब पहिल्यांदाच स्वतःसाठी केला. ताफ्यात ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालतो असं धरलं तर दहाव्या हिश्शाच्या ट्रकने ताशी ४ किलोमीटरने चालायला हवं. म्हणजे माणसाच्या चालण्याचा वेग! सेकंदाला १.११ मीटर. चाकाचा परीघ ३१.४ सेंटिमीटर, म्हणून चाकाचे मिनिटाला साधारण २१२ फेरे. मागचा एक्सल भंगारातल्या एका मोठ्या रिमोट गाडीचा मिळाला होता, त्याच्या बेव्हल गिअरमध्ये वेग तीनपट कमी होत होता. म्हणून मोटर घेतली ६०० आरपीएमची, बारा व्होल्टची, गिअरवाली. खेळण्यातल्या गाड्या खोट्या का वाटतात ते तेव्हा कळलं. त्या फार जोरात पळतात.

पाट्यांनी मात्र खरा धडा शिकवला. बाबांच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे आणले आणि खऱ्या ट्रकसारखे एकावर एक रचून पाटे बनवले. दिसायला झकास! पण ट्रक चालवला तर बैलगाडीपेक्षा वाईट. दगड दिसला की चारही चाकं हवेत. प्रमाण तर बरोबर होतं, मग चुकलं कुठे? रात्री वही घेऊन बसलो. सगळी मापं दहाव्या हिश्शावर आणली की वजन येतं हजाराव्या हिश्शावर, कारण ते लांबी गुणिले रुंदी गुणिले उंचीवर जातं. पण पाट्याचा कडकपणा येतो फक्त दहाव्या हिश्शावर. खरा पाटा दहा सेंटिमीटर दबत असेल तर माझा एक सेंटिमीटर दबायला हवा, आणि तो दबत होता जेमतेम एक मिलिमीटर! म्हणजे हुबेहूब बनवलेला पाटा दहापट कडक. कडकपणा जाडीच्या घनावर असतो, म्हणून जाडी निम्म्याहून थोडी कमी केली की हिशोब जमतो. जुन्या मेजरटेपची पोलादी पट्टी कापून पाटे केले. जमलं.

हे गणित मला सेकंड इयरला कोणी शिकवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. शिकवलं होतं. मी मागच्या बाकावर होतो.

आबाजींनी त्यात एक भर घातली. "रिकामा ट्रक उडतेच. तेच्यात माल भर." तीन टनाचा हजारावा हिस्सा म्हणजे तीन किलो. आईकडून तीन किलो तूरडाळ घेतली, जुन्या विजारीच्या कापडाच्या बारा पिशव्या शिवल्या आणि मागे रचल्या. ट्रक एकदम रुबाबात डुलायला लागला. अकोल्याची डाळ, तिच्यात वजन असणारच!

रिमोटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती लाजिरवाणी आहे. ट्रकमध्ये एक आणि हातात एक असे दोन छोटे आर्डुइनो आणि २.४ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ मॉड्यूल घेतले. हातातला रिमोट मजबूत पाहिजे म्हणून माझ्या स्टीलच्या टिफिनमध्ये बसवला. रेंज आली दोन फूट. दोन दिवस प्रोग्राम तपासला, मॉड्यूल बदललं, ज्याने विकलं त्याच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडं राहिलं आणि ट्रक अंगणाच्या टोकापर्यंत गेला. धातूच्या बंद डब्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत, हे बारावी सायन्स झालेल्या माणसाला टिफिनने शिकवलं. मग श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा वापरला.

दुसरी भानगड मोटरच्या ड्रायव्हरची. कॉलेजात सगळे वापरतात तो एल२९८एन मी लावला होता. तो जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खातो आणि दोन अँपिअरच्या वर त्याची हिंमत नाही. डाळ भरलेला ट्रक चढावर आला की ड्रायव्हर तापायचा, व्होल्टेज पडायचं, आर्डुइनो रीसेट व्हायचा आणि स्टिअरिंग आपोआप थरथरायचं. आबाजी म्हणाले, "याले हिवताप झाला." मग अमरावतीला एक चक्कर मारली, राजकमल चौकाकडच्या दुकानातून जास्त करंटचा बीटीएस७९६० आणला, स्टिअरिंगच्या सर्व्होला वेगळे पाच व्होल्ट दिले. हिवताप उतरला.

आता मुख्य गोष्ट. शक्तिमान म्हणजे फोर बाय फोर. पुढच्या चाकांनाही ताकद द्यायची तर पुढे दुसरे बेव्हल गिअर हवेत, आणि ती चाकं वळतात म्हणून प्रत्येक चाकाजवळ एक युनिव्हर्सल जॉइंट हवा. खर्च अकराशेच्या वर. पैसे संपले होते. शिवाय खरं सांगू का, कंटाळाही आला होता. मी काय केलं? पुढे एक साधी दांडी टाकली, मध्ये डिफरन्शिअलसारखा दिसणारा पोकळ गोळा एम-सीलने बनवला, खालून एक नकली शाफ्ट जोडला आणि सगळ्यावर हिरवा रंग मारला. उलटा करून पाहिला तरी कोणाला कळलं नसतं. मनात म्हटलं, एवढं कोण पाहतं?

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झाला. घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर काळी माती आणि कोणाच्या तरी बांधकामाच्या रेतीचा ढीग होता. आबाजी खुर्ची टाकून बसले. आई दारात. मी ट्रक सोडला. मातीतून ट्रक गेला, अडखळत गेला पण गेला. मग रेतीच्या चढाला लागला आणि थांबला. मागची चाकं गरगर फिरून खड्डा करत होती.

आबाजी खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"पुढचे चाकं पाय," ते म्हणाले. "थे काम नाई करून रायले. मांगचे ढकलते म्हनून फिरते. फोर बाय फोरचं पुढचं चाक रेती मांगं फेकते. याच्यासमोर तं रेतीचा बांध जमा झाला."

मी गप्प.

"खोटा एक्सल हाये थो?"

"हो, आबाजी."

"आन प्रोजेक्ट?"

त्या दोन शब्दांनी माझ्या पोटात जे झालं ते मला लिहिता येणार नाही. आई आत गेली होती. मी रेतीत बसलो आणि सगळं सांगितलं. निकाल, तीन विषय, वायडी, गाडीत बसून रचलेली थाप.

आबाजी म्हणाले, "मले आखाजीपासून नाई, पन दसऱ्यापासून मालूम हाये. प्रोजेक्ट असता तं येखाद्या सरचा फोन आला असता. येखादा दोस्त आला असता. तू एकटाच ठोकून रायला." मग थोडं थांबून म्हणाले, "बापाले मालूम हाये?"

"नाही."

"मंग आधी थे काम. एक्सलचं मांगून पाहू."

मी म्हटलं, "आबाजी, तुम्हीच सांगा ना बाबांना."

"म्या कावून सांगू? गाडी तुही, तूच चालव." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "घाटात ताफा चालते तवा येखाद्याची गाडी बिघडते. हात बाहेर काढाचा, बाजूले घ्याची. मांगचे निंगून जाते. लाज वाटते, पन काही बिघडत नाई. दुरुस्त झाली का मंग लागाचं मांगच्या ताफ्यात. पन ब्रेक गेला हाये हे न सांगता जो रांगेत राह्यते ना, थो सोताही जाते आन पुढच्यालेही घेऊन जाते."

त्या रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा सांगितलं. अर्धी भाकरी ताटात राहिली. त्यांनी हात धुतला आणि फक्त एवढंच विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरला का?" मी म्हटलं, "भरला." ते झोपायला गेले. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचाच आवाज होता. सात तारखेला बाबा नेहमीसारखे हप्ता भरून आले. त्या संध्याकाळी त्यांनी शर्टाच्या खिशातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पितळेचे दोन हब. जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतः काढलेले. "नाप बराबर हाये का पाय," म्हणाले. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. माझा खोटा एक्सल त्यांनी कधी उलटा करून पाहिला होता, कोणास ठाऊक.

खरा एक्सल करायला तीन आठवडे लागले. बेव्हल गिअरचे पैसे मी रूममेटकडून उसने घेतले. युनिव्हर्सल जॉइंट बसवताना एक गोष्ट हाताने शिकलो. चाक ज्या खिळीभोवती वळतं तिची रेषा जॉइंटच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. दोन मिलिमीटर जरी सरकली तरी चाक वळवताना शाफ्ट ओढला जातो आणि सगळं जाम होतं. ते जमलं, तरी पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर पुढची चाकं हलके झटके देत होती. मी वैतागून पुस्तक उघडलं आणि समोर हूक्स जॉइंट! एक शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी कोनात असलेला दुसरा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू होतो. तीस अंशाच्या कोनात वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि १३ टक्क्यांनी घटतो. हाच प्रश्न मी उन्हाळी पेपरात ऑप्शनला टाकला होता. आता तो माझ्या हातात झटके देत होता!

दिवाळीनंतर ट्रक पुन्हा रेतीच्या ढिगावर नेला. तीन किलो डाळ मागे. या वेळी बाबाही होते. पुढच्या चाकांनी रेती मागे फेकली आणि ट्रक हळूहळू, माणसाच्या चालीने वर चढला. आबाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हापासून तो त्यांच्याकडेच आहे. श्रीखंडाच्या डब्यावर त्यांनी स्वतःचं नाव आणि फौजेतला नंबर लिहून टाकलाय.

आता तुम्हाला वाटेल की हिवाळी परीक्षेत हूक्स जॉइंट आला आणि मी तो फाडफाड सोडवला. नाही हो! कॅमची आकृती आली. तरी काठावर पास झालो. एम-थ्रीही निघाला. मेकॅनिक्सने मात्र उन्हाळ्यापर्यंत साथ सोडली नाही. आज मी थर्ड इयरला आहे, माझ्या बॅचपेक्षा एक वर्ष मागे. मागच्या ताफ्यात!

हा लेख दरवर्षी निकालाच्या दिवशी कोणत्या तरी रूमवर गप्प बसलेल्या दोस्तासाठी लिहिला आहे. बाबा रे, आधी घरी फोन कर. ट्रक नंतर बांध. दोन्हीत एक्सल खोटा टाकू नकोस, चढावर कळतोच.

आणि हो, ती तीन किलो डाळ अजून ट्रकमध्येच आहे. आई वरणासाठी मागते, आबाजी देत नाहीत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी